टोपणांशेजारची बरणी

१

दाताला चिकटवायच्या ब्रॅकेटच्या पाकळीखाली, जिथे रबराचं वेटोळं अडकवतात त्या खोबणीत, रंग होता. कडेला वाळल्या गवतासारखा पिवळा, आत जाताना तपकिरी, आणि अगदी कोपऱ्यात निळसर जांभळा. बाहेरून तुकडा आरशासारखा चकचकीत होता. भिंगाखाली मी तो चिमट्याने फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिला. रंग फक्त खोबणीतच होता.

पोलाद तापलं की त्याच्यावर असे रंग चढतात. पिवळा आधी येतो, निळा त्याच्याहून बराच जास्त तापल्यावर. दवाखान्यातल्या निर्जंतुक करायच्या यंत्रातली वाफ त्याच्या जवळपासही पोचत नाही. हा तुकडा कुणीतरी उघड्या ज्योतीत धरला होता.

"सिमेंट खराब आहे ना, प्रोफे?" एमिरोने विचारलं.

एमिरो कान्तियो माझा जुना विद्यार्थी. विद्यापीठात मी दंतवैद्यकातले धातू आणि सिमेंटं शिकवते. तो आता माझ्या थोरल्या बहिणीच्या, लुदिसच्या दवाखान्यात मुलांचे दात सरळ करतो. गेले काही महिने तिथे दातांवरचे तुकडे सारखे निखळत होते. हा तुकडा केइला चार्रिस नावाच्या बारा वर्षांच्या मुलीचा होता. मीठ लावलेली कैरी खाताना निघाला होता.

"सिमेंट उत्तम आहे," मी म्हटलं. "तुकड्याच्या पाठीची जाळी बघ. सिमेंट तिच्यात रुतायला हवं. ती अर्धी बुजलीय आणि तळाशी जळकी राख आहे. जुन्या सिमेंटची."

"जुन्या म्हणजे केव्हाच्या?"

"या मुलीच्या आधीच्या. हा कुणाच्या तरी तोंडातून काढलाय, जाळलाय, मग आम्लात बुडवून वीज सोडून चमकवलाय. चमक बाहेरच्या अंगाला येते, खोबणीत पोचत नाही. म्हणून आतला रंग राहिला."

एमिरोने सकाळपासून तो तुकडा शर्टाच्या खिशात ठेवला होता. त्याने खिशाकडे पाहिलं आणि तळहात पँटला पुसला.

"प्रोफे," तो म्हणाला, "असे पुष्कळ आहेत."

२

लुदिसने माझं म्हणणं उभ्यानेच ऐकलं. तिच्या खोलीत आमच्या वडिलांचा फोटो आहे. दवाखाना त्यांच्याच नावाचा. बारान्कियातल्या निम्म्या शहराचे दात त्यांनी पाहिलेले.

"युरानिस," ती लगेच म्हणाली. "पाकिटांची अदलाबदल केली असणार तिने."

आमच्याकडे मुलींचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा होतो, आणि फोटोत तारा दिसलेल्या आयांना चालत नाहीत. मग सोहळ्याच्या आधी ब्रॅकेट काढायचे, मुलीच्या नावाच्या पाकिटात ठेवायचे, आणि नाच-फोटो उरकले की तेच पुन्हा तिच्याच दातांना लावायचे. वैद्यकीयदृष्ट्या मूर्खपणा आहे, पण नाही म्हटलं तर आई शेजारच्या दवाखान्यात जाते. ही पाकिटं सांभाळायचं काम युरानिस पोलोचं. ती वडिलांच्या काळापासूनची मदतनीस.

"एखाद्या सोहळ्याच्या मुलीचे तुकडे केइलाला गेले," लुदिस म्हणाली. "संपला विषय."

विषय संपला नाही, कारण दार उघडं होतं आणि दारात केइलाची आई देनिस चार्रिस उभी होती.

"म्हणजे माझ्या पोरीच्या तोंडात दुसरीची थुंकी?" तिने अगदी हळू विचारलं. "डॉक्टर, आमच्या घरात मी भावाचा पेला बहिणीला देत नाही. कुणी केलं हे?"

"शनिवारी सगळ्या पालकांना बोलावते," लुदिस म्हणाली. "त्यांच्यासमोर सांगेन. ती बाई इथे राहणार नाही."

"आणि दुसरीकडेही राहता कामा नये. तिचा मदतनिसाचा दाखला जायला हवा. मी आरोग्य खात्यात जाणार आहे."

"जा," लुदिस म्हणाली.

देनिस गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "नेना, शनिवारी तूही ये. विद्यापीठातली बाई म्हणून दोन शब्द बोल. पाकिटं बदलली म्हणून सांग. लोक तुझं ऐकतील."

"आधी मला युरानिसशी बोलू दे."

"कशाला?"

तिला खरंच कळत नव्हतं की कळून विचारत होती, ते मला त्या दिवशी ठरवता आलं नाही.

३

सेन्यो युरानिस मागच्या खोलीत हत्यारं घासत होती. आमच्या किनाऱ्यावर शिक्षिकेला आणि नर्सला सगळे सेन्यो म्हणतात. मी तिला लहानपणापासून तेच म्हणते.

"बसा डॉक्टर," ती म्हणाली. "माझं मयत झालेलंच आहे, रडायला तेवढ्या तुम्ही राहिला होतात."

"पाकिटं दाखवता का?"

तिने कपाटाचा खण ओढला. प्रत्येक पाकिटावर मुलीचं नाव आणि सोहळ्याची तारीख.

"जुनं सिमेंट कशाने काढता?"

"याने." टेबलावर बारीक वाळूचा फवारा मारायचं यंत्र होतं. "तुमच्या वडिलांनी घेतलेलं. माझ्यासारखंच, कुरकुरतं पण चालतं."

"ज्योतीत कधी धरता?"

"मी? गॅसला मी घरीसुद्धा लांबूनच काडी लावते."

मी एका पाकिटातला तुकडा भिंगाखाली धरला. सगळ्या अंगाने राखाडी, दव पडल्यासारखा मळकट. वाळू पोलादाला असंच करते. चमक नाही आणि रंगाचा मागमूसही नाही. केइलाचा तुकडा बाहेरून चकचकीत आणि आतून जळलेला होता. तो या खणातून आलेला असणं शक्य नव्हतं.

"सेन्यो, नवीन मुलांची पाकिटं कुठून येतात?"

"विल्मान आणतो ना, माल पुरवणारा. दर शुक्रवारी. बंद पाकीट आईसमोर फोडायचं, हा तुमच्या वडिलांचा नियम. आया डोळ्यांत तेल घालून बघतात. मी कात्री आधी दाखवते, मग कापते. जादूगारासारखी."

"प्रत्येक वेळी?"

तिने हात पुसले.

"एकदा सोडून. केइलाच्या वेळी पाकीट आधीच फोडलेलं होतं. लुदिस डॉक्टर म्हणाल्या, तपासायला मीच उघडलं, चालेल. देनिसबाई तेव्हा फोनवर होत्या." तिने खण ढकलून बंद केला. "हे मी शनिवारी बोलले तर म्हणतील, स्वतःचं निस्तरायला मालकिणीवर ढकलते. म्हणून तुम्हालाच सांगते. माझा दाखला गेला तर या वयात मला कोण ठेवणार? आणि रस्त्यात बायका बोट दाखवतील, ती बघा, घाण भरणारी."

पाकीट उघडं असेल तर ते बदलायची संधी युरानिसला होती. आणि उघडं होतं हे तिनेच, न विचारता सांगितलं होतं.

४

शुक्रवारी मी मुद्दाम दवाखान्यात बसले. स्वागताच्या टेबलावर दोन बरण्या असतात. एकीत बाटल्यांची प्लॅस्टिकची टोपणं. ती आमच्याकडे शाळेत, दुकानात, चर्चमध्ये सगळीकडे गोळा करतात. विकून आजारी मुलांना मदत होते. दुसरी बरणी लहान, तिच्यावरही हसऱ्या बाळाचं तेच चित्र. तिच्यात काढलेले ब्रॅकेट.

त्या सकाळी एका मुलाचे उपचार संपले. एमिरोने तारा काढल्या, तुकडे एका वाटीत घेतले. मुलाने ते बरणीत ओतले, खळखळ आवाज झाला, बसलेल्या सगळ्या आयांनी टाळ्या वाजवल्या. आजीने फोटो काढला. इथे हे दर वेळी होतं. मीही पूर्वी टाळ्या वाजवल्या होत्या.

"ही पक्कड नवी दिसते," मी एमिरोला म्हटलं.

"विल्मानने भेट दिली, प्रोफे. सगळ्या दवाखान्यांना दिल्यात. जुनीने तुकडा चेपला जायचा. ही बुडाशी धरते आणि अलगद सोलते. तुकडा जराही वाकत नाही."

"बरणीत टाकायचा तुकडा वाकला तर काय बिघडतं?"

एमिरोने पक्कडीकडे पाहिलं. मग बरणीकडे. त्याचा चेहरा आंबट काहीतरी तोंडात आल्यासारखा झाला.

विल्मान दहाच्या सुमाराला आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, दातांत काडी, हातात चाकांची पेटी.

"माझ्या राण्यांनो, कोण कोण जिवंत आहे?" आयांकडे बघून त्याने वाकून नमस्कार केला. बंद पाकिटं कपाटात लावली. मग दोन्ही बरण्या आपल्या पिशव्यांत रिकाम्या केल्या, टोपणं एकीत, तुकडे दुसरीत.

"टोपणं कुठे जातात?" मी विचारलं.

"गोदामात. टनावर विकतात, माझ्या राणी."

"आणि हे?"

"हेही तिथेच. धातू तो धातू."

"एवढ्याशा तुकड्यांचं वजन किती भरतं? सगळ्या शहराचे मिळून एक कढई होणार नाही."

"प्रोफेसर," तो हसून म्हणाला, "तुम्ही चर्चमध्ये गेलात तर मेणबत्तीचंही वजन कराल. पुण्याला तराजू लावू नये." काडी तोंडाच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेली. "आणि ऐकलं ते खरं का? सेन्यो युरानिसने घोटाळा केला म्हणे. बिचारी. वय झालं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"लुदिस डॉक्टरांनी. काल फोनवर."

तो गेल्यावर मी कपाटातून त्याने नुकतंच ठेवलेलं एक पाकीट घेतलं. शिक्का तपासला, धड होता. एमिरो आणि युरानिस समोर असताना कात्रीने कापलं आणि पहिला तुकडा भिंगाखाली ठेवला.

पाकळीखाली पिवळा, मग तपकिरी, मग निळा. दुसऱ्यात तेच. एका तुकड्याच्या खोबणीत काहीतरी काळं चिकटलं होतं. चिमट्याने खरवडल्यावर ते सुटलं. जळून कोळसा झालेला रबराचा वेढा होता.

युरानिस मोरीकडे गेली आणि बराच वेळ पाणी सोडून उभी राहिली.

५

इथपर्यंत सगळं विल्मानपाशी थांबत होतं. मुलं टाळ्यांच्या गजरात बरणी भरत, तो ती नेई, जाळी, चमकवी, पाकिटात बंद करी आणि दुसऱ्या मुलांसाठी परत आणी. पण फोडलेलं पाकीट या हिशेबात बसत नव्हतं. बंद पाकिटातच वापरलेला माल येत असेल तर विल्मानसाठी इथे कुणी पाकीट आधी उघडायची गरज नव्हती. आणि लुदिसने आदल्या दिवशी त्याला फोन का केला होता?

दुपारी मी तिच्याकडे जेवायला गेले. नारळाच्या दुधातला भात, तळलेला मासा. लुदिस दवाखान्यातून यायची होती. टेबलावर मी आणि माझी भाची मायेर्लिन. ती चौदा वर्षांची आहे आणि तोंड भरलेलं असताना बोलणं हा तिचा जन्मसिद्ध हक्क.

"मावशी, तू माझ्या तोंडात का बघतेस? भात आहे आत."

"भात गिळ आणि आ कर."

मी पिशवीतून भिंग काढलं.

"बापरे, तू जेवायलाही हे घेऊन येतेस? म्हणून तुझं लग्न झालं नाही."

"म्हणूनच. आ कर."

तिच्या पाकळ्यांखाली पोलाद पांढरं, स्वच्छ होतं. प्रत्येक तुकड्यावर दाताचा क्रमांक बारीक कोरलेला. दवाखान्यातल्या मालावर कोरीव खूण नव्हती, रंगाचा ठिपका होता.

"तुझे वेगळे आहेत."

"माझे बोगोत्याहून आले," ती फुशारकीने म्हणाली. "आईने आधी दुसरे लावायला घेतले होते. मी खुर्चीवर झोपलेसुद्धा. पाकीट फोडलं, भिंगातून बघितलं, आणि म्हणाली हे नकोत. मला घरी पाठवलं. गेल्या वर्षीची गोष्ट. का गं?"

"काही नाही. जेव."

माझ्या ताटातला मासा तसाच राहिला. मायेर्लिनने तो विचारून उचलला.

६

शनिवारी सकाळी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या पुरल्या नाहीत. पंखे फिरत होते, मुलं मांडीवर, आया एकमेकींशी दबक्या आवाजात. सेन्यो युरानिस इस्त्रीच्या गणवेशात भिंतीशी उभी होती. बसायला कुणी जागा दिली नव्हती, तिनेही मागितली नव्हती.

मी लुदिसच्या खोलीत गेले आणि दार लावलं. टेबलावर एक पाकीट, एक भिंग ठेवलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"शिक्का मी स्वतः कापला," मी म्हटलं. "युरानिसच्या खणातले मळकट आहेत, हे चमकतात. हे विल्मानचे आहेत, आणि तुला माहीत होतं."

"मला कसं माहीत असणार?"

"मायेर्लिनचे बोगोत्याहून का मागवलेस?"

ती खुर्चीत बसली. बाहेर कुणाचं तरी लहान मूल रडत होतं.

"पोलाद आहे, नेना," ती शेवटी म्हणाली. "त्या उष्णतेला एक जंतू जिवंत राहत नाही. तूच शिकवतेस. खाणावळीतला चमचा किती लोकांच्या तोंडातून जातो? कुणी ओकतं का?"

"जंतू मरतात, खरं आहे. पण जळलेलं पोलाद मऊ पडतं, गंजतं, सिमेंट धरत नाही. दात जसे सरकायला हवेत तसे सरकत नाहीत. पण ते बाजूला ठेव. खाणावळीतला चमचा धुतलेला आहे हे जेवणाऱ्याला माहीत असतं. आणि तू तुझ्या मुलीसाठी नवा चमचा आणलास."

तिने टेबलावरचं भिंग बोटाने दूर सरकवलं.

"तिच्यासाठी फोडलेलं पाकीट कुठे गेलं?"

"नेना."

"युरानिस म्हणते, एकाच मुलीच्या वेळी पाकीट आधी उघडलेलं होतं. ते तुझ्या तोंडून ऐकायचंय मला."

"केइलाला," लुदिस म्हणाली. "ती त्याच दुपारी आली होती. दोघींचा जबडा साधारण सारखा."

ही माझी बहीण. हिच्या हातचं मी लहानपणी उष्टं खाल्लेलं.

"त्या सकाळी ठरवलं होतं, माल परत करायचा," ती म्हणाली. "मग वाटलं, परत केला तर ज्यांना लावलेत त्यांना काय सांगू? पुढच्या महिन्यात सांगू. मग तोपर्यंत आणखी मुलांना लागलेले असत. विल्मानला म्हटलं, हे बंद कर, तर तो हसला. म्हणाला, डॉक्टर, टाळ्या तर तुमच्याच दवाखान्यात वाजतात. दर शुक्रवारी तो यायचा आणि दर शुक्रवारी मी म्हणायची, आज. आणि बाबांचं नाव आहे दारावर."

"आणि युरानिसचं? तिला नाव नाही?"

"तू काय बोलणार आहेस बाहेर?"

"युरानिसने हे केलेलं नाही, एवढं नक्की बोलणार. बाकीचं मी बोलले तर ते मी पकडलं असं होईल. तू बोललीस तर निदान या बायकांना कळेल की पुढे काय करायचं ते सांगणारं कुणीतरी आहे."

दारावर टकटक झाली. देनिस चार्रिस वाट न बघता आत आली, मागे केइला, ओठ घट्ट मिटलेले. आठवडाभर ती पोर तोंड उघडून हसली नव्हती, असं देनिसने कालच एमिरोला सांगितलं होतं.

"डॉक्टर, आम्ही किती थांबायचं?" देनिस म्हणाली. "आरोग्य खात्याचा अर्ज माझ्या पर्समध्ये आहे. नावाची जागा रिकामी ठेवलीय. पोलो एका एलने लिहायचं की दोनने?"

"थांबा," लुदिस म्हणाली.

ती उठली. पांढरा कोट काढून तिने खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बाहेरच्या खोलीत गेली. आम्ही मागोमाग गेलो. बोलणं एकदम थांबलं. लुदिसने कोपऱ्यातली स्वतःची खुर्ची ओढत भिंतीशी नेली आणि युरानिससमोर ठेवली.

"बसा, सेन्यो."

"मी उभीच बरी आहे, डॉक्टर."

"बसा, मी सांगते म्हणून."

युरानिस खुर्चीच्या कडेला टेकली. लुदिस सगळ्यांकडे वळली.

"तुमच्या मुलांच्या दातांवर जे तुकडे आहेत ते दुसऱ्या मुलांच्या तोंडातून काढलेले आहेत. विल्मान ते इथून नेतो, जाळतो आणि परत आणतो. सेन्यो युरानिसचा यात काही हात नाही. मला गेल्या वर्षीपासून माहीत होतं, आणि माझ्या स्वतःच्या मुलीला मी ते लावले नाहीत. देनिस, अर्जात माझं नाव लिहा. आज सगळ्यांचे काढणार आहे, ज्यांना माझा हात नको असेल त्यांचे एमिरो काढेल, आणि शेवटचं मूल गेलं की हा दवाखाना मी बंद करतेय."